बॉर्डनटाऊनची शिळा: "पहिली" गाडी नेमकी कोणती, आणि रूळ दगडावर का?

मध्यजर्सी (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या शनिवारी बाबांना घेऊन न्यू जर्सीतल्या बॉर्डनटाऊनला जाऊन आलो. बाबा भुसावळला पी-वेमध्ये (रुळांची देखभाल करणाऱ्या रेल्वे खात्यात) होते, सगळी नोकरी रुळांवर गेली. इथे आल्यापासून त्यांना न्यूयॉर्क दाखवलं, नायगारा दाखवला. सगळीकडे "छान आहे" म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. बॉर्डनटाऊनच्या शिळेपाशी मात्र तासभर हलले नाहीत.

ही शिळा ग्रॅनाइटची आहे, 1891 साली उभारलेली. पाटीवरच्या मजकुराचा आशय असा: 12 नोव्हेंबर 1831 या दिवशी 'जॉन बुल' या इंजिनाने न्यू जर्सी राज्यात रेल्वेवर वाफेच्या जोरावर पहिली हालचाल केली. रेल्वे होती कॅम्डेन अँड अँबॉय. तिला 4 फेब्रुवारी 1830 रोजी राज्याची सनद मिळाली होती. न्यूयॉर्कहून बोटीने साउथ अँबॉयपर्यंत यायचं, तिथून रेल्वेने न्यू जर्सी ओलांडायची आणि शेवटी डेलावेअर नदी पार करून फिलाडेल्फिया गाठायचं, असा सगळा बेत.

शिळेभोवती त्या काळच्या रुळाचं कडं आहे, दगडी ठोकळ्यांवर बसवलेलं. बाबा तिथे उकिडवे बसले, रुळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपलाच रूळ! डोकं, कंबर, पाय, सगळं जागच्या जागी. साठ वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवलास तरी मी मान्य केलं असतं." थोड्या वेळाने कपाळाला आठ्या. "पण दगडावर कशाला घातलाय? असल्या रुळावरून गाडी गेली तर माणसांची हाडं खिळखिळी होतील."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा प्रश्न दोन. रूळ दगडावर का होता? आणि दुसरा माझा स्वतःचा: शिळेवर "पहिली" लिहिलंय, ते खरोखर पहिलं होतं का?

गोदाकाठची_सई

किती छान! बाबांना नमस्कार सांगा. वाचतेय.

लोहमार्गी

तुमच्या बाबांनी एका हातात बरोबर ओळखलं. तो आकार जन्माला आला तो याच रेल्वेसाठी.

कॅम्डेन अँड अँबॉयचे अध्यक्ष रॉबर्ट स्टीव्हन्स 1830 च्या शरद ऋतूत इंजिन आणि रूळ विकत घ्यायला इंग्लंडला निघाले. त्या वेळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाकडी तुळईवर लोखंडाची पट्टी ठोकून काम भागवत. इंग्लंडात पूर्ण लोखंडी रूळ होते, पण ते उभे राहायला प्रत्येक ठिकाणी ओतीव लोखंडाची खुर्ची लागायची. अमेरिकेत ना तेवढं लोखंड होतं, ना त्यावर काम करणारे कारागीर. स्टीव्हन्स यांनी जहाजावर बसून चाकूने लाकडाचे तुकडे तासले आणि खालून सपाट पाय असलेल्या रुळाचा नमुना तयार केला. पाय सपाट असला की खुर्ची नको, थेट ठोकता येतो. ठोकायला वाकड्या डोक्याचा खिळाही त्यांनीच सुचवला.

इंग्लंडात गेल्यावर हा आकार लाटून द्यायला सहजी कोणी तयार होईना. शेवटी वेल्समधल्या डाउलेसच्या कारखान्याचे मालक जॉन गेस्ट तयार झाले. सुरुवातीला रूळ वाकडेतिकडे निघायचे, कारखान्याच्या रोलरनाही त्रास झाला. पण जमलं. पहिले रूळ 18 फूट लांब आणि दर यार्डाला 36 पौंडांचे होते.

बाबांना तो वाकड्या डोक्याचा खिळा दाखवा. ते नाव सांगतीलच.

मध्यजर्सी

सांगितलं! "डॉगस्पाइक!" असं जवळजवळ ओरडलेच. म्हणाले, आयुष्यात किती ठोकून घेतले असतील याचा हिशेब नाही, पण हा खिळा कोणाच्या तरी डोक्यातून निघाला असेल असा विचार कधी मनात आला नव्हता.

तात्या_पीडब्ल्यूआय

मीही याच खात्यातला, निवृत्त. दगडाचं सांगतो.

दगड खराब म्हणून सोडला असं नाही. दगड टिकतो, लाकूड कुजतं. म्हणूनच सगळ्यांना वाटायचं की पक्की रेल्वे म्हणजे दगडावरची रेल्वे. पण रुळाखाली दोन्ही बाजूंना सुटे दगड, त्यांना एकमेकांशी बांधणारं काही नाही. एक दगड दोन सूत खचला की रूळ तिरका होतो. दोन्ही रूळ हळूहळू बाहेर सरकायला लागले की गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सुटतं, आणि गेज सुटलं की गाडी उतरलीच. लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका, दोन्ही रुळांना एका काठीला बांधल्यासारखा धरून ठेवतो. खचला तर दोन्ही बाजू बरोबर खचतात. शिवाय तो थोडा दबतो, धक्का गिळतो. दगड गिळत नाही, तो परत देतो. हाडं खिळखिळी होतील म्हणाले ते अगदी योग्य.

त्यात तिकडची थंडी. जमीन गोठते, फुगते, मग वितळून बसते. प्रत्येक दगड आपापल्या मर्जीने वर-खाली. रूळ राखणाऱ्या त्या गँगचे हाल मला इथे बसून दिसतात.

लोहमार्गी

वा तात्या! यात एक भर घालतो, ऐकून तुम्हाला आनंद होईल. हे दगड न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगात कैद्यांकडून घडवून घेत. पुरवठा वेळेवर होईना. काम अडू नये म्हणून काही भागात तात्पुरते लाकडी ओंडके आडवे टाकून त्यावर रूळ ठोकले. दगड आले की बदलू, असा विचार. पण गाड्या चालू लागल्यावर कळलं की लाकडावरचा भागच जास्त चांगला चालतोय. तात्पुरतं होतं ते कायमचं झालं आणि दगड उखडले गेले.

म्हणजे सपाट पायाचा रूळ, वाकड्या डोक्याचा खिळा आणि खाली लाकडी स्लीपर, हे तिघं एकत्र आले ते याच लाइनवर. जगभरच्या गाड्या पुढची शंभर वर्षं या जोडणीवर धावल्या.

तात्या_पीडब्ल्यूआय

तात्पुरतं ते कायमचं! हे वाक्य प्रत्येक सेक्शनच्या ऑफिसात लावण्यासारखं आहे :)

होबोकनवासी

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी होबोकनला स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये एमएस केलं, त्यामुळे जरा हक्काने बोलतो. शिळेवरचं "पहिली" मला मान्य नाही.

रॉबर्टचे वडील कर्नल जॉन स्टीव्हन्स. त्यांनी 1825 साली होबोकनमध्ये आपल्या जागेत रुळाचं वर्तुळ घालून त्यावर वाफेची गाडी फिरवून दाखवली होती. अमेरिकेत स्वतः बांधलेलं वाफेचं इंजिन रुळांवर चालवण्याचा तो पहिला प्रयोग. होबोकन न्यू जर्सीतच आहे! त्याआधी 1815 मध्ये न्यू जर्सीने याच जॉन स्टीव्हन्स यांना रेल्वेची सनद दिली होती, अमेरिकेतली पहिली. पैसे उभे राहिले नाहीत म्हणून रेल्वे झाली नाही. ज्या बापाने आयुष्यभर हा ध्यास घेतला, त्याच्याच मुलाच्या रेल्वेच्या शिळेवर "राज्यातली पहिली हालचाल" लिहायचं? मला ते बोचतं.

लोहमार्गी

भावना समजते. पण तो प्रयोग होता. गाडीला दातेरी चाक होतं, मधल्या दातेरी पट्टीला धरून ती पुढे सरकायची, आणि वर्तुळात फिरून तिथेच यायची. शिळेवर "रेल्वेवर" असा शब्द आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते ती रेल्वे, असा त्यांचा अर्थ असावा.

होबोकनवासी

वर्तुळ असलं तरी रूळ ते रूळच. आपण यावर सहमत होणार नाही असं दिसतंय, पण कर्नलसाहेबांचं नाव धाग्यात आलं, मला तेवढं पुरे.

संग्रहालयप्रेमी

आणखी एक गुंता. शिळेवरची तारीख 12 नोव्हेंबर. पण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने जॉन बुलचा दीडशेवा वाढदिवस साजरा केला तो 15 सप्टेंबर 1981 ला. त्या दिवशी हे इंजिन खरोखर पेटवून चालवलं होतं. स्वतःच्या वाफेवर धावू शकणारं जगातलं सर्वांत जुनं इंजिन ठरलं ते.

कारण साधं आहे. जोडणी पूर्ण झाल्यावर सप्टेंबर 1831 मध्येच त्याची चाचणी झाली. 12 नोव्हेंबरला राज्याच्या विधिमंडळातले सदस्य वगैरे मोठ्या लोकांना बसवून फिरवलं. म्हणजे शिळेवर तारीख आली ती पाहुण्यांची. इंजिन मात्र दोन महिने आधीच चाललं होतं.

ठाणेकर_अनिकेत

अगदी आपल्यासारखंच! 16 एप्रिल 1853, दुपारी 3 वाजून 35 मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी. हे सगळं आम्हाला शाळेत पाठ होतं. पण 18 नोव्हेंबर 1852 ला अधिकाऱ्यांना घेऊन याच मार्गावर चाचणीची गाडी ठाण्यापर्यंत आली होती. आणि त्याही आधी 'फॉकलंड' नावाचं इंजिन बांधकामाच्या कामाला भायखळ्याकडे धावत होतं. ते पाहायला तेव्हा गर्दी उसळली होती.

ज्यांनी ते पहिलं इंजिन रस्त्यात पाहिलं त्यांच्यासाठी "पहिली गाडी" तीच ना?

चेन्नैवासी_मराठी

आमच्याकडे रेड हिल्सला 1837 मध्येच दगड वाहायला रेल्वे होती :)

रुडकीचा_इंजिनियर

आणि आमच्याकडे 1851 च्या डिसेंबरात सोलानीच्या जलसेतूच्या कामावर माती वाहायला वाफेचं इंजिन होतं, नाव थॉमसन. बसा आता भांडत.

ठाणेकर_अनिकेत

प्रवासी! प्रवासी हा शब्द महत्त्वाचा आहे!! तिकीट काढून बसलेला माणूस म्हणजे प्रवासी, माती म्हणजे माल.

शाळेतल्या_बाई

भांडण गोड आहे, पण मला इंजिन जोडणाऱ्या मुलाबद्दल सांगायचंय. मी इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. ही गोष्ट मी मुलांना सांगते आणि दरवर्षी वर्ग गप्प होऊन ऐकतो.

जॉन बुल इंग्लंडात न्यूकॅसलला रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात बनलं. सुटे भाग करून जहाजाने फिलाडेल्फियाला आलं, तिथून लहान गलबताने बॉर्डनटाऊनला. सोबत जोडणीचे नकाशे नाहीत. काम सोपवलं आयझॅक ड्रिप्स नावाच्या मेकॅनिकवर. वय अवघं 21, त्याने आधी कधी रेल्वे इंजिन डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. बोटींच्या यंत्रांवर काम केलेला मुलगा. एकेक भाग हातात घेऊन, हा कुठे बसेल याचा विचार करत करत त्याने दहा टनांचं ते यंत्र उभं केलं.

इंजिनाबरोबर पाण्याची गाडी आलीच नव्हती. मग ड्रिप्सने एका मालगाडीवर व्हिस्कीचं रिकामं पिंप बांधलं आणि त्यातून इंजिनात पाणी न्यायला गावातल्या मोच्याकडून चामड्याची नळी शिवून घेतली. माझी मुलं इथे नेहमी विचारतात, "बाई, त्या मोच्याचं नाव काय?" मला वाटतं हाच सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

गोदाकाठची_सई

बाई, तुमच्या वर्गात मलाही बसवा.

पुणेरी_जोशी

इंजिन पहिल्या दिवशी सरळ रुळावर चाललं हेच विशेष. व्हिस्कीच्या पिंपातलं पाणी पिऊन! :)

लोहमार्गी

आणि सरळच चालायला हवं होतं, कारण वळणावर ते अडायचं. इंग्लंडातले रूळ सरळ, इथे वळणं घट्ट. ड्रिप्सनेच नंतर पुढे लहान चाकांची जोडी लावली. ती वळणात इंजिनाला वाट दाखवायची. तिच्यापुढे रुळावरचे अडथळे बाजूला सारणारा सांगाडा लावला. अमेरिकन इंजिनांचं तोंड ओळखू येतं ते त्या सांगाड्यामुळे, त्याची सुरुवात इथे.

इतिहासवेडी

अवांतर: बॉर्डनटाऊनला तेव्हा नेपोलियनचा थोरला भाऊ जोसेफ बोनापार्ट राहायचा, स्पेनचा माजी राजा. 12 नोव्हेंबरच्या त्या फेरीत त्याच्या बहिणीची सून मादाम म्युरा गाडीत चढली, इथे वाफेच्या गाडीत बसलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव सांगतात. नवऱ्याची श्रीमंती संपल्यावर तिने याच गावात मुलींची शाळा चालवून घर सांभाळलं. आणि 1852 मध्ये क्लारा बार्टन यांनी याच गावात मोफत सार्वजनिक शाळा उभी केली, अमेरिकन रेड क्रॉस नंतर काढला तो त्यांनीच. एवढ्याशा गावात केवढं काय!

ईस्टविंडसर_कुलकर्णी

रेल्वेचा गौरव चाललाय म्हणून एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. मी हाइट्सटाऊनच्या शेजारी राहतो. 8 नोव्हेंबर 1833 रोजी याच लाइनवर, हाइट्सटाऊनजवळ, साउथ अँबॉयहून येणाऱ्या गाडीचा आस मोडला आणि डबा उलटला. वंगण कमी पडून आस तापला होता. दोन माणसं गेली. प्रवासी मृत्यूमुखी पडलेला अमेरिकेतला हा पहिला रेल्वे अपघात मानतात.

त्या गाडीत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स होते. ते वाचले आणि त्यांनी रोजनिशीत सगळं लिहून ठेवलं. उलटलेल्या डब्यात कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट होते. बरगड्या मोडल्या, महिनाभराहून जास्त अंथरुणाला खिळले. पुन्हा रेल्वेत बसणार नाही असं म्हणत होते. पुढे हाच माणूस अमेरिकेतला सगळ्यात मोठा रेल्वेमालक झाला.

मी रोज त्या रस्त्याने ऑफिसला जातो. माझ्या मते शिळा तिथेही हवी.

कोपरगावचा_राजू

सगळे कौतुक करतायत म्हणून थोडा विरोध. बॉर्डनटाऊनची शिळा 1891 मध्ये कोणी उभारली? पेनसिल्व्हेनिया रेल्वेने. ही लाइन तिने 1871 मध्येच 999 वर्षांच्या भाडेकरारावर घेतली होती. म्हणजे रेल्वेने स्वतःच्याच पूर्वजाची शिळा बसवली.

आणि हा पूर्वज कसा होता? न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया वाहतुकीची मक्तेदारी राज्याकडून घेतलेली, बदल्यात राज्याला प्रवाशांमागे आणि मालामागे पैसे. न्यू जर्सीला लोक चिडून "कॅम्डेन अँड अँबॉयचं राज्य" म्हणायचे. दर त्यांच्या मनाचे. हे शिळेवर कोण लिहील? मजुरांचं कोण लिहील? आपल्याकडे भोर घाट 1863 मध्ये खुला झाला, त्यात हजारो मजूर साथींनी आणि अपघातांनी गेले.

इतिहासवेडी

राजूभाऊ, मजुरांबद्दल शंभर टक्के मान्य. भोर घाटाच्या कंत्राटदारांपैकी सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाय ठेवून थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे नेलं. तिचं नाव किती जणांना माहीत आहे? पण रेल्वेने शिळा उभारली म्हणून ती खोटी ठरत नाही. तिच्याभोवतीचा रूळ खरा आहे, दगड खरे आहेत.

कोपरगावचा_राजू

ॲलिसबद्दल मला माहीत नव्हतं. याबद्दल वेगळा धागा काढाच. रूळ खरा, हे मान्य.

तात्या_पीडब्ल्यूआय

धागाकर्ते कुठे गेले? भुसावळच्या साहेबांचं म्हणणं ऐकायचंय.

मध्यजर्सी

आहे आहे. सगळे प्रतिसाद रात्री बाबांना वाचून दाखवले. चष्मा काढून ऐकत होते.

दगडाचं तात्यांचं स्पष्टीकरण ऐकून म्हणाले, "गेज सुटतं, बरोबर. मला वाटलंच होतं, पण तोंडात शब्द आला नाही." 36 पौंडांचा रूळ ऐकून कागद मागितला, हिशेब केला. मीटरला जेमतेम 18 किलो. "आपल्या मेन लाइनवर आता 60 किलोचा रूळ, तरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. या पोरांनी 18 किलोच्या रुळावर दहा टनांचं इंजिन पळवलं!"

"पहिली" वरच्या वादात मात्र ते पडले नाहीत. म्हणाले, आमच्या खात्यात पहिली गाडी सोडायची म्हणजे ब्लॉक (कामासाठी वाहतूक बंद ठेवायची वेळ) संपल्यावर नव्या रुळावरून सावकाश सोडतात ती. ती पाहायला कोणी पाहुणा येत नाही. गँग रुळाच्या बाजूला उभी असते आणि सगळे खाली बघतात, चाकाखाली रूळ किती दबतोय ते. ड्रिप्सची सप्टेंबरची फेरी तशीच असणार.

शाळेतल्या बाई, मोच्याचा प्रश्न ऐकून ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "त्या वर्गाला मला भेटायचंय." त्यांचं परतीचं तिकीट 20 नोव्हेंबरचं आहे.

शाळेतल्या_बाई

अहो, या ना! 12 नोव्हेंबरच्या आसपासचा रविवार कसा वाटतो? मुलांना शिळेपाशीच नेऊ. कॅम्डेन ते ट्रेंटन धावणारी रिव्हर लाइन याच जुन्या मार्गाने बॉर्डनटाऊनला जाते. बाबांना आणि मुलांना घेऊन त्या गाडीनेच जाता येईल.

होबोकनवासी

मी येतो. कर्नलसाहेबांच्या वतीने.

ईस्टविंडसर_कुलकर्णी

आम्ही चौघं. येताना हाइट्सटाऊनला पाच मिनिटं थांबू या का?

मध्यजर्सी

थांबू. बाबा आत्ताच विचारतायत, कोणाकडे गेजची पट्टी आहे का. दगडांमधलं अंतर मोजायचंय म्हणे.